बैलाचे दात आणि बाजाराचा दाखला

नगर–सोलापूर रस्त्यावरील मिरजगाव हे कर्जत तालुक्यातील गाव. भोवतालचा मुलूख अवर्षणाचा, भरवसा रब्बी ज्वारीवर, आणि म्हणून बैलाची वैरण म्हणजे मुख्यत्वे कडबा. या मुलखातील कुणबी काष्टीसारख्या बाजारात बैल घ्यावयास जाई तेव्हा जनावराच्या जन्माचा दाखला कोणत्याही दप्तरात नसे. तो जबड्यातच वाचावा लागे. जाणते गिऱ्हाईक एका हाताने वेसण धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालचा ओठ मागे सारी. समोरचे आठही दात दुधाचे असले तर खोंड ‘आदत’. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास मधली जोडी पक्की आली की ‘दुसा’, पुढे ‘चौसा’, मग सहादाती, आणि चार-पाच वर्षांत आठही पक्के झाले म्हणजे ‘जुळलेला’. त्यापुढील वयाचा अजमास झिजेवरून. इतके झाल्यावरच उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरे आणि इसार हाती पडे.

वरच्या जबड्यात समोर दातच नाहीत हे पाहून नवखा दचके. परंतु ती खोट नव्हे. तेथे टणक गादी असते. जिभेने ओढलेला चारा खालचे दात तिच्यावर दाबून तोडतात आणि दळण्याचे काम रवंथाच्या वेळी दाढांकडे जाते. जात्याला टाकी लावून घ्यावी लागते. दाढेचे कठीण कवच सावकाश आणि आतला मऊ भाग लवकर झिजत असल्यामुळे तिचे कंगोरे मात्र आपोआप धारदार राहतात.

बैलाच्या उलट, मराठी फौजेतील भीमथडी तट्टाला दोन्ही जबड्यांत पुढचे दात असल्याने ते गवत मुळालगत कुरतडी, आणि पुढचे दात व दाढा यांमधील रिकाम्या हिरडीवर स्वाराचा लगाम बसे. कर्जत तालुक्यातच, १९८० साली स्थापन झालेल्या रेहेकुरी अभयारण्यात, काळवीट बैलाच्याच रीतीने चरतो. त्याच्यावर टपणाऱ्या लांडग्याचे सुळे मात्र धरण्यासाठी आणि दाढा कात्रीप्रमाणे मांस कापण्यासाठी घडलेल्या असतात.

‘धर्माची गाय आणि दात का नाय’ अशी म्हण आहे. दाम मोजणाऱ्याने मात्र दात मोजावेतच, कारण झिजल्या दातांच्या बैलाला कडब्याची कुट्टी करून घालावी लागते. वयाच्या निमित्ताने गिऱ्हाईक खरोखर विचारी ते हेच, की याला अजून किती वर्षे कडबा चावता येईल. आज जनावराच्या कानात १२ अंकी बिल्ला असतो. तरीही सौद्यापूर्वी ओठ मागे सारला जातोच.