खाडीकाठची हातभट्टी

कोपर-डोंबिवलीचा खाडीकाठ ज्यात मोडतो त्या ठाणे जिल्ह्यात ताडी व मोहाची दारू ही सणासमारंभाची घरगुती बाब असता, १८७८ च्या अबकारी कायद्याने ती मक्ते व परवाने यांच्या अमलाखाली आली. १८९२ च्या कायद्याने तर येथे आणि कुलाब्यात मोहाची फुले घरात साठविण्यावरही निर्बंध आले. परसातल्या मोहाखाली फुले वेचणारी बाई अशी गुन्हेगारीच्या उंबरठ्यावर आली. तिने गुन्हा निवडला, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

१९४९ च्या दारूबंदीनंतर मात्र खाडीच्या तिवरांआड काळा गूळ व नवसागर आंबवून रात्री भट्टी पेटविणाऱ्याने हिशेब करूनच तो मार्ग पत्करला: भांडवल थोडे, गिऱ्हाईक हमखास, आणि दंड नफ्यातून आधीच वजा धरलेला. गरिबी हे त्याचे अर्धेच कारण. दारूबंदीचा तो कायदा, परवान्यांच्या वाटा ठेवून, आजही अमलात आहे.