लघुचित्रपट आणि त्याचा पडदा

बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या गांवीं पांढरा पडदा टांगून, तरुणांनीं पदरमोड करून केलेले दहा-पंधरा मिनिटांचे चित्रपट दाखविले, म्हणजे पुष्कळांस ती आजकालची टूम वाटते. इतिहास मात्र निराळें सांगतो. आपल्याकडे चित्रपट जन्मला तो लघुचित्रपटाच्याच रूपानें. आणि तोहि कोणा कंपनीच्या आश्रयानें नव्हे, तर एकट्या-दुकट्या हौशी माणसाच्या हातून.

ता. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं. दर एक रुपया. एकेक चित्र जेमतेम मिनिटाचें. त्या नवलाईनें हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या छायाचित्रकारांस वेड लाविलें. त्यांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ सालीं हँगिंग गार्डनमध्यें दोन मल्लांची कुस्ती टिपली. फिल्म धुवावयासहि लंडनला धाडावी लागली! पण सावेदादा तेवढ्यावर थांबले नाहींत. त्यांनीं चित्रें पडद्यावर पाडणारें यंत्रहि विकत घेतलें. चित्र काढणें हें निम्में काम. तें चारचौघांपुढें मांडणें हें उरलेलें निम्में, हें त्यांनीं ओळखलें होतें. पुढें १९०१ सालीं रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हां त्यांचें मुंबईंतील स्वागतहि त्यांनीं टिपून ठेविलें.

दादासाहेब फाळके यांची कथा याहून बोलकी आहे. १९१२ सालीं ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले. परंतु नुसत्या शब्दांवर भांडवल कोण देणार? त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला आणि महिनाभर त्याचें थोडें थोडें चित्रण केलें. पडद्यावर पाहतां पाहतां दाण्याला मोड फुटला आणि वेल वर चढूं लागला. हाच तो 'अंकुराची वाढ' नांवाचा लघुचित्रपट. प्रेक्षक मूठभरच होते. पण त्या चिमुकल्या चित्रानें विश्वास संपादिला, कर्ज मिळालें. सरस्वतीबाईंचे दागिनेहि कामीं आले. ता. ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशन थिएटरांत झळकला, त्याचें बीज त्या कुंडींतच होतें.

पुढें मोठ्या चित्रपटांनीं थिएटरें व्यापिलीं. १९४८ सालीं फिल्म्स डिव्हिजन स्थापन झालें आणि सरकारी माहितीपटांस मुख्य खेळाआधीं हक्काची जागा मिळाली. स्वतंत्र निर्माता मात्र दाराबाहेरच राहिला. १९९० पासून मुंबईस माहितीपट व लघुचित्रपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरूं लागला, तेव्हां कोठें त्यास मोठा पडदा लाभला.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशांतल्या फोनांत आहे; उणीव आहे ती पडद्याचीच. २०२० च्या जून महिन्यांत लोणारच्या सरोवराचें पाणी गुलाबी झालें. क्षारांत वाढणारे सूक्ष्म जीव त्यास कारण, असें शास्त्रज्ञांनीं दाखविलें. वाटाण्याचा अंकुर ज्या चिकाटीनें टिपला गेला, त्याच चिकाटीनें असा पालट टिपणें हें त्या परिसरांत राहणाऱ्यासच साधेल. पण तें चित्र मेहकरच्या किंवा खामगांवच्या माणसानें शेजाऱ्यांच्या सोबतीनें पाहिलें, त्यावर वाद घातला, तरच करणाऱ्यास दुसरें करण्याचा हुरूप येईल.

सावेदादांची ती कुस्ती आज पाहावयास मिळत नाहीं. तिची नोंद तेवढी उरली आहे. म्हणून गांवोगांवच्या महोत्सवांनीं चित्रें दाखवावींत, आणि दाखविलेलीं जपूनहि ठेवावींत. पुढच्या पिढीला आपला मुलूख दिसेल तो कदाचित् त्यांतूनच.