गुराबेची प्रतिकृती

जहाजाची छोटी प्रतिकृती करण्याची रीत फार जुनी आहे. इजिप्तमध्ये सुमारे 4000 वर्षांपूर्वीच्या मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात 1920 साली वल्हेकऱ्यांसकट लाकडी नावा सापडल्या. गुजरातेत लोथलला भाजक्या मातीची होडी मिळाली. तिला डोलकाठीसाठी भोकही आहे. काटेकोर प्रमाणातली प्रतिकृती मात्र 17व्या शतकात इंग्लंडच्या आरमारी कारभारात रुजली. प्रमाण बहुधा फुटाला पाव इंच, म्हणजे 1:48 असे. खालच्या भागात फळ्या मुद्दाम ठोकत नसत, म्हणजे आतले वाक (जहाजाच्या फासळ्या) उघडे दिसत.

कोकणातल्या मिस्त्रीला याची गरज पडली नाही. पठाण (तळाचा कणा) घालायचे, वाक उभे करायचे, डोळ्याने आणि हाताने बाक ठरवायचा. कागदावर आराखडा काढण्याची चाल नव्हती. त्यात फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्ग किल्ल्याखाली मराठे सरदार तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. आग इंग्रजांच्या हल्ल्यात लागली, पण त्या मोहिमेत पुण्याचे नानासाहेब पेशवे इंग्रजांचे भागीदार होते. पुढे पेशव्यांचे स्वतःचे आरमार धुळप घराण्याच्या हाताखाली विजयदुर्गाहून चालले आणि त्याचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात राहिले. अशा कागदांत माणसे, पगार, तोफा, खर्च सापडतो. वाकाचा बाक सापडत नाही.

म्हणून मराठी गुराबेची, म्हणजे त्या आरमारातल्या मोठ्या लढाऊ जहाजाची, प्रतिकृती करणाऱ्याला शत्रुपक्षाच्या लेखणीकडे जावे लागते. रॉबर्ट ऑर्म हा ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार. त्याने 1763 साली छापलेल्या ग्रंथात गुराबेचे वर्णन दिले आहे: दोन डोलकाठ्यांची सुमारे 150 टनांची, तीन डोलकाठ्यांची 300 टनांपर्यंत, तळ उथळ, लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, मध्यापासून पुढे निमुळती होत गेलेली आणि शेवटी भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी पुढे झेपावलेली नाळ. नाळ आणि मुख्य तक्तपोशी (डेक) यांच्यामध्ये आडभिंत, आणि तिच्या झरोक्यांतून नाळीवरून समोर रोखलेल्या दोन तोफा.

त्यातला एक तपशील प्रतिकृतीकाराची परीक्षा पाहतो. समोरून लाटा आल्या की गुराब जोरात डुचमळे, म्हणून नाळीला बाजूच्या भिंती नसत. वर चढलेले पाणी अडथळ्याशिवाय वाहून जाई. शोभेसाठी तिथे कठडा लावला की गुराब बिघडली. फळ्यांचे कामही नाळीपाशीच अडते. पातळ पट्ट्या भिजवून वाफेवर वाकवाव्या लागतात, आणि पुढे घेर कमी होत असल्याने प्रत्येक पट्टी टोकाकडे तासावी लागते. नाही तर पट्ट्या एकमेकींवर चढतात.

व्यापारी गलबतांचे नशीब थोडे बरे. फ्रेंच नौदल अधिकारी एदमों पारी याने हिंदी महासागरातल्या गलबतांची मापे घेऊन 1840च्या दशकात आरेखने छापली. त्यांत पतेमारीही आहे. 1871 पासून तो पॅरिसच्या नौका संग्रहालयाचा प्रमुख होता, आणि त्या आरेखनांवरून त्याने तिथे प्रतिकृती करवून घेतल्या.

आराखडा नसताना जहाज उभे करण्याचा अलीकडचा प्रयोग म्हणजे भारतीय नौदलाचे 'कौंडिण्य'. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून, फळ्या काथ्याने शिवून ते गोव्यात बांधले. आधी त्याची छोटी प्रतिकृती आयआयटी मद्रासमध्ये पाण्यात तपासली गेली, आणि मे 2025 मध्ये कारवारला जहाज नौदलात दाखल झाले.