गीझरसाठी स्वतंत्र सर्किट : वीजतंत्रज्ञ नेमताना काय पाहावे?

वाराणसी : डिसेंबर-जानेवारीत वाराणसीचा पारा अनेकदा १० अंश सेल्सिअसखाली उतरतो आणि घरोघरी गीझर किंवा गरम पाण्याचा शॉवर बसवण्याची कामे निघतात. दुर्गाघाट, ब्रह्माघाट परिसरात मराठी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती असलेली जुनी घरेही त्याला अपवाद नाहीत. उपकरण तासाभरात भिंतीवर चढते. खरा प्रश्न त्यामागच्या वायरिंगचा असतो.

जुन्या काशीच्या मोठ्या भागात एकात्मिक ऊर्जा विकास योजनेतून वीजवाहिन्या भूमिगत करण्यात आल्या. गल्लीतील लोंबकळत्या तारा गेल्या. पण मीटरच्या पुढचे, घरातील वायरिंग सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी ग्राहकाचीच राहते.

स्वतंत्र सर्किट कशासाठी?

३ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. ६० वॅटचे ५० दिवे एकाच वेळी लावल्यासारखा हा भार आहे. दिवे-पंख्यांसाठी सहसा १ ते १.५ चौरस मिलिमीटरची तार असते. तिच्यावर हा भार टाकल्यास ती तापते, आवरण ठिसूळ होते आणि आगीची शक्यता वाढते. म्हणून गीझरसाठी मुख्य पेटीपासून वेगळी तार व वेगळा एमसीबी घेतला जातो. ३ किलोवॅटसाठी साधारणतः ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरतात. ४.५ किलोवॅटचे तात्काळ पाणी तापवणारे उपकरण जवळपास २० अँपिअर घेते. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट पुरत नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारे, पुरेशा क्षमतेचे बटन न्हाणीघराबाहेर बसवणे सुरक्षित ठरते.

एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. शरीरातून गेलेला प्राणघातक प्रवाह एमसीबी पाडण्याइतका मोठा नसतो. त्यासाठी आरसीसीबी हे गळती ओळखणारे उपकरण लागते. घरगुती जोडणीसाठी त्याची मर्यादा ३० मिलिअँपिअरपेक्षा अधिक नसावी. अर्थिंग चांगले असल्यास गळती होताच आरसीसीबी पुरवठा तोडतो; ते नसल्यास कोणी गीझरला किंवा नळाला स्पर्श करीपर्यंत दोष दडून राहू शकतो. नळाच्या पाइपला जोडलेली तार म्हणजे अर्थिंग नव्हे. पाइप बदलताना मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा आला की जमिनीशी संबंध तुटतो. अर्थिंगऐवजी न्यूट्रलला तार जोडण्याचा प्रकार तर त्याहून घातक आहे.

काम कोणाकडे द्यावे?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार घरातील नवे वायरिंग, वाढ वा फेरफार राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच आणि सक्षमता प्रमाणपत्रधारकाच्या देखरेखीखाली करावयाचे असते. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटन बदलण्यासारख्या किरकोळ कामांना यातून सूट आहे. नवे सर्किट मात्र या सवलतीत बसत नाही. उत्तर प्रदेशात असे परवाने विद्युत सुरक्षा निदेशालय देते. इतर राज्यांत ही यंत्रणा वेगळी आहे. दुकानदाराने गीझरसोबत पाठवलेला माणूस परवानाधारक असेलच असे नाही. म्हणून परवाना क्रमांक व त्याची मुदत आधीच पाहावी.

ठरवताना आणि पैसे देताना

* मंजूर भार वीजबिलावर पाहावा. तो गीझरसह पुरेसा नसल्यास पूर्वांचल विद्युत वितरण निगमकडे भारवाढीचा अर्ज करावा.
* तारेची जाडी, आयएसआय चिन्ह, एमसीबी व आरसीसीबीची क्षमता आणि अर्थिंगचे काम यांचा स्वतंत्र उल्लेख असलेला लेखी अंदाज घ्यावा.
* जुन्या लाकडी पट्टीतील वायरिंगला नवी तार मध्येच जोडू देऊ नये.
* काम संपल्यावर मेगरने तारेच्या आवरणाची आणि उपकरणाने अर्थिंगची चाचणी समोर करून घ्यावी व आकडे लिहून घ्यावेत.
* आरसीसीबीवरील ‘टेस्ट’ बटन दाबताच पुरवठा खंडित झाला पाहिजे. न झाल्यास गीझर वापरू नये.

स्वतंत्र तार, अर्थिंग आणि आरसीसीबी यांचा खर्च कधी कधी गीझरच्या किमतीच्या जवळ जातो, आणि नेमकी तिथेच काटकसर केली जाते. ओल्या अंगाने, अनवाणी उभ्या माणसाची सुरक्षितता मात्र या तिन्हींवरच अवलंबून असते.