छायाकृति-सचेतनपट

काळ्या पुठ्ठ्यातून कातरलेल्या सपाट आकृती किंचित हलवून प्रत्येक स्थितीची स्वतंत्र चौकट टिपली, की त्या चौकटींच्या सलग प्रक्षेपणाने गतीचा आभास होतो. या तंत्राने तयार होणाऱ्या चित्रपटास छायाकृति-सचेतनपट म्हणतात. आशियातील छायानाट्य हे त्याचे पूर्वरूप होय. परंतु तेथील हालचाल प्रेक्षकांसमक्ष घडते, तर येथील हालचाल पडद्यावरच जन्मास येते.

या प्रकारास प्रतिष्ठा दिली ती जर्मन कलावती लोटे रायनिगर (१८९९–१९८१) हिने. आकृतीचे अवयव निरनिराळे कापून ती ते तारेने सांधीत असे. पुठ्ठ्यास शिशाच्या पातळ पत्र्याची जोड दिल्याने आकृती काचेवर स्थिर राहत. काचेखाली दिवा व वर कॅमेरा अशी मांडणी असे. पॉट्सडॅम येथे १९२३ ते १९२६ या काळात तिने पती कार्ल कोख व मोजक्या सहकाऱ्यांसह अरबी सुरस कथांवर आधारलेला प्रिन्स आख्मेद हा सु. ६५ मिनिटांचा मूकपट सिद्ध केला. खोलीचा आभास साधण्यासाठी तीत एकावर एक काचा रचल्या होत्या. डिझ्नीच्या बहुस्तरीय कॅमेऱ्याने केलेला लघुपट १९३७ मधील आहे.

पहिल्या पूर्ण लांबीच्या सचेतनपटाचा मान मात्र या कृतीस देता येत नाही. अर्जेंटिनात किरिनो क्रिस्तियानी याने पुठ्ठ्याच्याच आकृतींनी एल आपोस्तोल (१९१७) केला होता. तो आगीत नष्ट झाला. रायनिगरच्या चित्रपटाचीही मूळ निगेटिव्ह राहिली नाही, पण ब्रिटनमध्ये टिकलेल्या प्रतीवरून विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा पुनरुद्धार झाला. म्हणून उपलब्ध पूर्ण लांबीच्या सचेतनपटांत तो सर्वांत जुना ठरतो. हस्तकौशल्याचा इतिहास असा पुष्कळदा जतनाच्या योगायोगावर अवलंबून असतो.