अध्यक्षा अमरावतीच्या होत्या

१९४२ म्हटलं की आपल्याला शाळेतला ‘छोडो भारत’चा धडा आठवतो. त्या ठरावाच्या एकोणीस दिवस आधी, २० जुलैला, नागपुरात आणखी काही ठराव झाले. ते मात्र कुठल्या धड्यात सहसा सापडत नाहीत.

अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद. बायका आल्या होत्या सुमारे २५ हजार. अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही तिथे बोलले. समाजाची प्रगती आपण बायकांच्या प्रगतीवरून मोजतो, असं त्यांनी सांगितलं.

पण त्या बायका नुसतं ऐकायला जमल्या नव्हत्या. त्यांनी काय मागितलं ते बघा. घटस्फोटाचा कायदेशीर हक्क. एका पुरुषाच्या अनेक बायका, ही चाल कायद्याने बंद. गिरणी आणि विडी कारखान्यातल्या बायकांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, इजा झाल्यास भरपाई, म्हातारपणी पेन्शन. मुलींसाठी सरकारी वसतिगृहं. आणि कायदेमंडळापासून स्थानिक संस्थांपर्यंत राखीव जागा. सुलोचनाबाई तर भर सभेत संततिनियमनावर बोलल्या.

या मागण्या पुस्तकातून आल्या नव्हत्या. विडी वळणाऱ्या, गिरणीत राबणाऱ्या बाईला रजा, नवरा आणि मत हे तीन वेगळे प्रश्न नसतात. जगात इतरत्रही हेच दिसतं. त्याच दशकात नायजेरियातल्या अबेओकुटात फुनमिलायो रॅन्सम-कुटींच्या संघटनेने बायकांवरच्या कराविरुद्ध लढा दिला. कर घेता, तर कारभारात जागाही द्या, असं त्यांचं म्हणणं. १९४९ साली तिथल्या राजाला गादी सोडावी लागली.

आपल्याकडे हिंदूंसाठी घटस्फोट आणि एकपत्नीत्वाचा कायदा देशभर आला १९५५ साली. पंचायतीत एक तृतीयांश जागा १९९२च्या घटनादुरुस्तीने मिळाल्या. लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांचा कायदा व्हायला २०२३ उजाडलं.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून या बायकांना बोलतं केलं, ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक लिहिलं, म्हणून ही नावं उरली. अमरावती-अकोल्याच्या ग्रामपंचायतीत आज जी बाई सरपंचाच्या खुर्चीत बसते, तिच्या खुर्चीची मागणी तिच्याच वऱ्हाडातल्या एका बाईच्या अध्यक्षतेखाली मंजूर झाली होती. हे तिला कुणीतरी सांगायला हवं.