सुटे पैसे

कोसबाडची टेकडी म्हटली की ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. मला त्यांच्यासोबत एस.टी.च्या कंडक्टरची चामडी पिशवीही आठवते. हसू नका! डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यात तिकिटाला रोख पैसे मोजणे ही एकेकाळी साधी गोष्ट नव्हती.

मुंबईहून सुरतेकडे जाणारी रेल्वे इथून १८६० च्या दशकातच गेली. पण गाडी आली म्हणून वारली माणूस तीत बसला असे झाले नाही. जमीनदार-सावकाराची वेठ फुकटची, आणि मजुरी मिळालीच तर बहुधा धान्यात. लग्नासाठी कर्ज काढणारा गडी बायकोसह सावकाराकडे राबे. त्याला 'लग्नगडी' म्हणत. धान्य देऊन तिकीट मिळत नाही. ज्याच्या हाती नाणे नाही, त्याचे जग मालकाच्या बांधापाशी संपते.

१९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला. वेठ बंद करा आणि दिवसाला बारा आणे मजुरी द्या, या त्यातल्या प्रमुख मागण्या. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड मारला गेला. बारा आण्यांची किंमत अशी मोजली गेली आहे.

पुढे १ जून १९४८ रोजी पुणे ते तेव्हाचे अहमदनगर अशी एस.टी.ची पहिली बस धावली आणि हळूहळू ती खेड्यापाड्यांत पोचली. कंडक्टर भाडे मागे. मालकाची चिठ्ठी मागत नसे. ज्याने पैसे दिले त्याची जागा. हा केवढा मोठा बदल!

तेवढ्यात १ एप्रिल १९५७ ला नाणीच बदलली. रुपयाचे सोळा आणे होते, त्याचे शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस पैसे, पण एका आण्याचे सहाच. म्हणजे चार वेळा एकेक आणा मोडला तर चोवीसच हाती. हा एक पैसा गेला कुठे, हे अक्षरओळख नसलेल्याने कोणाला विचारावे?

सुट्या पैशांचा वाद आपण सर्वांनी पाहिला आहे. कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून देई आणि उतरेपर्यंत आपले लक्ष त्या कागदावर. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. सरकारी बसमध्ये त्या काही दिवस चालणार होत्या, पण थोड्याशा भाड्यासाठी पाचशेची मोड द्यायची कोणी?

आता मोबाईलवरून तिकिटाचे पैसे देता येतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस.टी. मोफत आहे, महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट. चांगलेच आहे. माझा यंत्राला विरोध नाही. परंतु फोनला बँकेतले खाते लागते, नेटवर्क लागते, आकडे वाचता यावे लागतात. पाड्यावरच्या एखाद्या म्हातारीकडे यातले काहीच नसेल, कमरेला बांधलेली नोट मात्र असते. ती तिच्या घामाची असते आणि कोणाला न विचारता तिला डहाणूच्या बाजारी नेते.

म्हणून वाटते, नवे सारे येऊ द्या. पण 'रोख चालणार नाही' अशी पाटी बसमध्ये कधी लागू नये. नाण्यासाठी जिथे रक्त सांडले, तिथे तर नकोच.